कपाचा तळ कोण ठरवतं?

आमच्या कारखान्याला कारखाना म्हणणं जरा जास्तच आहे. गोव्यातल्या फोंडा तालुक्यात एक शेड, त्यात कागदी कपांची दोन मशिनं, मी, माझा दीर आणि पॅकिंगला गावातल्या दोघी मुली. गिऱ्हाईक म्हणजे चहाचे गाडे, कॅन्टीनवाले, केटरर आणि जत्रा-नाटकांच्या समित्या. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे कप-ग्लास देशभर बंद झाले तशी मागणी वाढली, आणि मागणीबरोबर तक्रारीही. कप गळतो म्हणाले तर काय करायचं ते मला कळतं. हीटर बघायचा, साइड सील बघायचं, कागद दमट झालाय का बघायचं. (पावसाळ्यात तो होतोच.) पण सगळ्यात जास्त कानावर येते ती तक्रार वेगळी आहे.

"वहिनी, तुमचे कप पडतात हो."

हे म्हणणारे केटरिंगवाले काका आमचे जुने गिऱ्हाईक. लग्नाच्या हॉलमध्ये पाण्यासाठी टेबलावर कपांच्या रांगा मांडून ठेवतात आणि वर पंखे गरगरत असतात.

"काका, पंखा दोनवर ठेवा."

"मे महिन्यात लग्न, आणि पंखा दोनवर? मुलीचा बाप माझं बिल कापेल."

त्यांचंही खरंच आहे. ६५ मिलीचा रिकामा कागदी कप दीड-दोन ग्रॅम वजनाचा. तो उभा असतो तो केवळ वाऱ्याने मनावर घेतलेलं नसतं म्हणून. त्यात घोटभर पाणी घातलं तरी तो जागचा हलत नाही, पण दोनशे कपांत घोटभर पाणी घालत कोण बसणार? काकांच्या हाताखालचा पोरगा मात्र हुशार. तो कप पालथे मांडतो. पालथा कप पंख्याला दाद देत नाही, कारण तेव्हा त्याची रुंद बाजू खाली असते आणि जड गोल काठ टेबलाला टेकलेला असतो. म्हणजे आपला कप उलटा ठेवला की जास्त नीट उभा राहतो, आणि आपण तो आयुष्यभर सुलटा वापरतो.

याचं कारण साधं आहे. कपाचा आकार चहा पिणाऱ्याला विचारून ठरलेला नाही, थप्पीने ठरवला आहे. पाच सेंटीमीटर उंचीचे पन्नास कप एकावर एक ठेवले तर अडीच मीटर होतील. तेच एकात एक बसवले की फूटभरात मावतात. त्यासाठी तोंड रुंद आणि तळ अरुंद असावाच लागतो. बाजू फार सरळ केल्या तर कप एकमेकांत घट्ट रुतून बसतात. सकाळच्या गर्दीत गाड्यावरचा पोरगा एक ओढायला जातो, हातात तीन येतात, आणि दोन चुरगळून टोपलीत जातात. बाजू फार तिरक्या केल्या तर कप सुळकन सुटतो, पण तळ आणखी अरुंद होतो. टेम्पोत किती पोती बसतात, गाड्याखाली किती थप्प्या मावतात आणि घाईत कप किती झटकन सुटतो, यांची मांडवली म्हणजे कपाचा उतार. तो टेबलावर किती घट्ट उभा राहील याचा विचार त्यानंतर येतो, आलाच तर.

"मग खाली जरा पसरट पाय का काढत नाही?" असं एका कॅन्टीनवालीने विचारलं होतं. तिच्या हातात स्टीलचा पेला होता. स्टीलला, काचेला, मातीला पाय काढता येतो. कागदाला नाही. कागद वाकतो, ताणत नाही. पंख्याच्या आकाराचा तुकडा गुंडाळून त्याची कडा गरम करून चिकटवायची, तळाची चकती आत बसवायची, खालची पट्टी आत दुमडून दाबायची आणि वरचा काठ बाहेर गोल वळवायचा. यातून निघतो तो निमुळता शंकूच. पोट फुगलेला किंवा पाय पसरलेला कप हवा असेल तर लगदा साच्यात दाबून करावा लागतो, उसाच्या चिपाडाच्या ताटल्या करतात तसा. तिथे आकाराची मुभा जास्त असते. तरी तोंडापेक्षा पाय रुंद ठेवला की तो कप दुसऱ्या कपात जाणारच नाही, आणि आपण पुन्हा अडीच मीटरवर.

आता थोडं गणित. मी बारावी सायन्स, पुढे शिकले नाही, पण हे कुणालाही जमेल. समजा मोठ्या कपाचा तळ ५० मिमी रुंद आहे. म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत २५. भरलेल्या कपाचा गुरुत्वमध्य टेबलापासून ५० मिमी उंचीवर धरा. मग कप साधारण २६-२७ अंश कलला की गेला. प्रत्यक्षात थोडा आधीच जातो, कारण चहा कललेल्या बाजूला धावतो आणि पाडायला हातभार लावतो. तळ १० मिमीने वाढवला तर हाच आकडा ३१ अंशांच्या आसपास येतो. गुरुत्वमध्य ८ मिमी खाली आणला तरी जवळपास तेवढाच. म्हणून बुटका, बसका कप पडत नाही.

पण त्याआधी एक गोष्ट होते. कप पडायच्या आधी चहा सांडतो. तोंड ८० मिमी रुंद असेल आणि चहा काठापासून १० मिमी खाली असेल, तर अवघ्या १४ अंशांना तो काठाला लागतो. २० मिमी रिकामे ठेवले तर २६-२७ अंशांपर्यंत निभावतं, म्हणजे कप आडवा व्हायला येईपर्यंत. तेव्हा शब्दश: बोटभर जागा रिकामी सोडणं हा फुकटातला सगळ्यात मोठा उपाय. आणि तो आपल्याकडे चालणार नाही. गाड्यावर बोटभर कमी चहा दिला की गिऱ्हाईक कपात बघतं, मग गाडेवाल्याकडे बघतं, मग उरलेली मिरची भजी संपवून पुढच्या गाड्यावर जातं. आपल्याकडे काठोकाठ म्हणजेच प्रामाणिक.

पडणं आणि सांडणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि त्यांना लागणारे कपही उलट आहेत. टेबलावर बुटका रुंद कप चांगला. हातात घेऊन चालायला तोच वाईट. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी चालताना कॉफी का सांडते यावर २०१२ मध्ये शोधनिबंध लिहिला आणि त्याबद्दल त्यांना त्याच वर्षी इग नोबेल, म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचारात पाडणारं पारितोषिक मिळालं. मुद्दा असा की कपातल्या द्रवाला स्वत:चा हेलकावा असतो, नेहमीच्या मगात सेकंदाला साधारण तीन-चार वेळा, आणि आपल्या पावलांची लय त्याच्या पुरेशी जवळ असते. पावलागणिक हेलकावा वाढत जातो आणि थोड्याच पावलांत काठ ओलांडतो. तोंड जितकं रुंद तितका हेलकावा संथ, म्हणजे चालीच्या आणखी जवळ. ६५ मिलीचा आपला कटिंगचा कप अरुंद असतो, त्यातला चहा भराभर थरथरतो पण मोठी लाट येत नाही. बारक्या कपाबद्दल माझ्या मनात आदर वाढला तो इथे.

फेसानेही लाट दबते. प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की बुडबुड्यांचे चारपाच थर असले तरी हेलकावा बराच कमी होतो. उंचावरून ओतून फेस काढणारे चहावाले हे नकळत करतातच. आमच्याकडे उर्राकच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या, मोसमात लिम्का ओतलेला ग्लास घेऊन माणसं अंगण ओलांडतात आणि थेंब सांडत नाही, त्याचं श्रेय मात्र फेसाला देता येणार नाही. तिथे जपणूकच वेगळी.

झाकणाचं काय, असं शहरातले लोक विचारतात. पिण्याचं बारीक भोक आणि वर उचललेला घुमट असलेलं ते झाकण १९८० च्या दशकात अमेरिकेत आलं, आणि ते आता न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातही आहे. झाकण लाट थोपवतं आणि आडवा झालेला कप उचलायला आपल्याला दोन क्षण देतं. उभं राहायला काडीची मदत करत नाही. शिवाय सहा घोटांच्या चहाला झाकण लावायचं म्हणजे चहापेक्षा सोहळा मोठा. पार्सल चहाची दोरा बांधलेली पिशवी मात्र कधी सांडलेली पाहिली नाही. ती गरम चहासाठी वापरू नये हे मला माहीत आहे, आणि तुम्हालाही.

माझी खरी परीक्षा होते नाटकांना. अंत्रूज महालात, म्हणजे आमच्या फोंड्याकडे, देवळाच्या उत्सवाला गावातल्याच माणसांनी केलेलं मराठी नाटक नाही असं गाव शोधावं लागेल. रात्री उशिरा पडदा वर जातो, मध्यंतराला चहा येतो, आणि तो चहा ठेवायला जागा नसते. मग माणूस काय करतो? प्लास्टिकच्या खुर्चीच्या हातावर कप ठेवतो. तो हात नीट बघा कधी. मधे फुगीर, पुढे उतरता, जेमतेम कपाच्या तळाएवढा रुंद. कप त्यावर उभा राहतो तो तळाच्या पूर्ण कड्यावर नाही, त्यातल्या दोन-तीन ठिकाणी. कारण कागदी कपाचा तळ सपाट नसतो. चकती काही मिलिमीटर आत असते आणि कप टेकतो तो तिच्याभोवतीच्या दुमडलेल्या कड्यावर. सपाट टेबलावर हा कडा उत्तम. फुगीर जागेवर त्याची मधली पोकळी त्या फुगवट्यावर बसते आणि कप डुगडुगतो. त्यात हातालाच आठ-दहा अंशांचा उतार, म्हणजे आपल्या सव्वीसातले तेवढे आधीच गेले. शेजारच्याने टाळी वाजवली की उरलेले जातात.

जे खाली पायाशी ठेवतात त्यांचं वेगळंच. जमीन ओली असली की कपाची खालची कड पाणी पिते. प्लास्टिकचा लेप असतो तो गरम पेयांच्या कपात आतल्या बाजूला; बाहेरची बाजू आणि कापलेली कड उघडा कागदच. सांडलेल्या चहात दहा-पंधरा मिनिटं उभा राहिलेला कप उचलून त्याच्या कड्यावरून बोट फिरवा, एका बाजूला मऊ लागेल. त्याच बाजूला तो कलायला लागतो. एक कप सांडला की शेजारचे हळूहळू का कलतात, त्याचं कारण हे आहे. कोकम सरबतासारख्या थंडाला दोन्ही बाजूंनी लेप दिलेला कागद वापरतात, घामाने कप मऊ पडू नये म्हणून. चहाला तो परवडत नाही.

दिराने यावर जुगाड केला. पंख्याच्या आकाराचे तुकडे कापून जी रद्दी उरते ती चार पदरी चिकटवून त्यात सहा भोकं पाडली आणि खाली खोक्याचा पुठ्ठा दुमडून पाय दिले. कप भोकात अर्ध्यापर्यंत उतरतो, निमुळता असल्यामुळे तिथेच अडतो. जो उतार तळाला मारतो तोच इथे कामी आला. सहा कप मिळून एक रुंद तळ. कळशी आडणीवर ठेवावी तसं. चहा वाटणारी मुलं खूश झाली, पण प्रेक्षक ट्रेमधून कप काढून खुर्चीच्या हातावर ठेवायला मोकळेच!

रुंद तळाचा साचा आम्ही शेवटी घेतलाच, एकाच मापाचा. साचा बदलणं म्हणजे नुसता तळ बदलणं नसतं. बाजूच्या तुकड्याची डाय, तळाची पंचिंग, आतून दाबणारी चाकं, सगळा संच बदलतो. कप थोडा बुटका, बाजू थोड्या सरळ. थप्पी सुटते, पण जुन्याइतकी सुळकन नाही, आणि पोत्यात कप कमी बसतात. गाडेवाल्यांनी हातात घेतला, दाबून बघितला, आणि "जुनाच दे बाय" म्हणून मोकळे झाले. त्यांचा कप मुळी टेबलावर उतरतच नाही, गिऱ्हाईक उभ्याने पितं. त्यांना तो काय करायचा? काकांनी घेतला, पण पोऱ्या अजून पालथेच मांडतो. नाट्यमंडळांनी घेतला आणि पुन्हा मागितला.

सध्या डोक्यात आहे ती काठाखाली बोटभर अंतरावर एक दाबलेली खाच. आत शाई लावायची नाही, म्हणून रेघ छापता येत नाही. खाच मात्र रोलरने उठवता येते, कप कडकही होतो आणि वाटणाऱ्याला कुठे थांबायचं ते कळतं. गिऱ्हाइकालाही दिसतं की कपच इथपर्यंतचा आहे, कुणी मापात मारलेलं नाही. मशिनवाल्याला विचारलंय. जोडणीचा भाव त्याने सांगितला तो ऐकून दीर शेडबाहेर जाऊन उभा राहिला. घासाघीस चालू आहे.