सुईच्या नेढ्यातला पोप आणि शिशातलं वटवाघूळ

लॉस एंजेलिसला ताईकडे पोचलो त्याच रात्री भाच्याने फर्मान काढलं, मामा, आपण जुरासिक म्युझियम बघायचं. वय वर्षं नऊ, डायनासोर म्हणजे जीव की प्राण. मीही काही चौकशी केली नाही, नावात जुरासिक आहे म्हणजे सांगाडे बिंगाडे असणारच. शनिवारी ताईने गाडी काढली. म्युझियम ऑफ जुरासिक टेक्नॉलॉजी, कल्व्हर सिटीला लागूनच, व्हेनिस बुलेवार्डवर. बाहेरून एवढं साधं की आम्ही एकदा पुढे निघून गेलो आणि यू टर्न मारून परत आलो.

आत पाऊल टाकलं तर अंधार. फोन वापरायचा नाही, फोटो काढायचे नाहीत. आणि डायनासोर? एकही नाही. भाच्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

पहिल्याच काही पेट्यांपाशी मी अडकलो. एक वटवाघूळ आहे, डेप्रॉंग मोरी. रिसीव्हर कानाला लावायचा आणि ऐकायचं, एकदम डॉक्युमेंटरीवाला गंभीर आवाज. दक्षिण अमेरिकेतलं हे वटवाघूळ म्हणे भिंतीतून आरपार उडतं, कारण त्याच्या लहरी थेट एक्स-रेच्या जवळ जाणाऱ्या. मग डोनाल्ड ग्रिफिथ नावाच्या शास्त्रज्ञाने ते पकडायला जंगलात शिशाच्या पाच भिंती उभ्या केल्या, प्रत्येक आठ इंच जाड, वीस फूट उंच, दोनशे फूट लांब, आणि एक दिवस वटवाघूळ शिशात जे अडकलं ते अडकलंच. आता सांगा, इंचा-फुटात मापं दिल्यावर कोण शंका घेईल? मी तर मान डोलावत ऐकत होतो. ताई हळूच म्हणाली, "अरे पण शिसं जंगलात नेलं कसं?" मी म्हटलं, ताई गप गं, ऐकू दे.

पुढे कॅमेरूनची मुंगी. बुरशीचा कण तिच्या शरीरात जातो, मग ती वेड्यासारखी झाडावर चढते, दातांनी घट्ट पकडून तिथेच मरते आणि डोक्यातून शिंग फुटल्यासारखी बुरशी बाहेर येते. हे मात्र मी ठामपणे खोटं ठरवून टाकलं. काहीही!

मग एका खोलीत सुया. हागोप सांडाल्जियान नावाचे आर्मेनियन व्हायोलिनवादक, त्यांनी सुईच्या नेढ्यात बसतील एवढ्या मूर्ती केल्या, नेपोलियन काय, पोप जॉन पॉल काय. भिंगातून बघायचं. हात हलू नये म्हणून हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मधे काम करायचे म्हणे. आपल्याकडे जत्रेत तांदळाच्या दाण्यावर नाव लिहून देतात ते मी पाहिलंय, पण हे म्हणजे अतीच. भाच्याने पोपच्या भिंगाला डोळा लावला तो पाच मिनिटं हलेना, मागे लाइन लागली. डायनासोर विसरला बहुतेक.

एका पेटीत टोस्टवर दोन मेलेले उंदीर ठेवलेत. मुलं अंथरूण ओलं करत असतील तर उंदीर खायला घाला, हा जुना इलाज. शेजारी लिहिलेलं की घरात कुणी गेलं तर मधमाश्यांना जाऊन सांगायचं. मला हसू आलं आणि लगेच आजी आठवली, मीठ-मोहरीने दृष्ट काढून चुलीत टाकायची आणि तडतड आवाज झाला की "बघ किती लागली होती" म्हणायची. तेव्हा मी हसलो नव्हतो.

वर टी-रूम आहे, सामोवरमधला, म्हणजे रशियन पद्धतीच्या बंबातला, चहा देतात, बाहेर कबुतरं. आल्याशिवायचा चहा मला चालत नाही, पण तो चालला. आपण नेमकं काय बघून आलो हा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना, आणि फोन खिशात.

गाडीत बसल्या बसल्या गूगल. मुंगीवाली बुरशी खरी! नाव-गाव इकडेतिकडे असेल, पण मुंग्यांना असं झाडावर चढवणारी बुरशी खरोखर आहे. सुईवाले सांडाल्जियान खरे, १९९० मधे गेले. उंदीर आणि मधमाश्या, दोन्ही इंग्लंडमधल्या खऱ्या समजुती. आणि मी मान डोलावली ते वटवाघूळ साफ खोटं. त्यातही लबाडी बघा, वटवाघळं प्रतिध्वनीवर उडतात हे शोधणाऱ्यांपैकी एक शास्त्रज्ञ खरेच होऊन गेले, त्यांचं नाव डोनाल्ड ग्रिफिन. म्हणजे ग्रिफिनचा ग्रिफिथ केला आणि बाकी सगळं मनचं.

हा उद्योग डेव्हिड विल्सन आणि त्यांची बायको डायाना यांनी १९८०च्या दशकाच्या शेवटी सुरू केला, २००१ मधे विल्सनना अमेरिकेतली मानाची मॅकआर्थर फेलोशिपही मिळाली. मला सगळ्यात आवडलं ते हे की खरं कुठलं आणि खोटं कुठलं हे ते आत कुठेच सांगत नाहीत. पेटी तीच, उजेड तोच, आवाज तोच. मला जरा रागही आला, खोटं नाही सांगणार. मी वटवाघळावर विश्वास ठेवला तो पुराव्यामुळे नाही, त्या आवाजामुळे आणि आठ इंचामुळे.

रात्री बाबांना व्हॉट्सअॅपवर सगळं लिहून पाठवलं, खरं-खोटं न सांगता. बाबा रिटायर्ड सायन्स टीचर. सकाळी उत्तर आलं होतं, "वटवाघळाचं इंटरेस्टिंग आहे, नवीन माहिती मिळाली. सुईचं काही पटलं नाही. असले फॉरवर्ड पाठवत जाऊ नकोस."