खड्ड्यांसाठी चाकं घेताय? आधी टायरचा साइज सांगा

खराब रस्त्याला कुठले अलॉय (अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची चाकं) टिकतील असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, सध्या टायर कुठल्या साइजचे आहेत? कारण रिम (टायर ज्यावर चढतो ते धातूचं चाक) कितीही दणकट असू दे, रिम आणि खड्ड्याची धार यांच्या मधे रबर आणि हवा किती आहे यावर बरंचसं ठरतं.

२०५/५५ आर१६ घ्या, म्हणजे टायर २०५ मिमी रुंद, साइडवॉल (टायरच्या बाजूची उंची) त्याच्या ५५ टक्के, साधारण ११३ मिमी, आणि रिम १६ इंची. त्याच गाडीला हौसेनं २२५/४५ आर१७ टाकले तर बाहेरून चाक जवळपास तेवढंच राहतं पण साइडवॉल येते १०१ वर, आणि तेच खाली १९५/६५ आर१५ वर आलात तर १२७. १०१ आणि १२७ मध्ये साइडवॉलचा एक इंचाचा फरक आहे हा! धारेवर टायर पूर्ण चेपला की त्याच्या आतले धागे तुटतात, बाजूला फुगा येतो, आणि उरलेला दणका थेट रिमला. म्हणून माझं मत, रिम एक साइज खाली आणा, साइडवॉल वाढवा, फक्त छोटी रिम ब्रेकच्या कॅलिपरला (ब्रेक पॅड दाबणारा भाग) घासत नाही ना हे आधी लावून बघा, आणि टायरचा लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) कंपनीनं दिलाय त्याच्या खाली जाऊ देऊ नका.

आता रिम. साधी लोखंडी रिम (हिलाच डिस्क म्हणतात) दिसायला काही नाही, जड असते, गंजते, पण आपटली की वाकते आणि थोडाफार बेंड ठोकून निघतो. कास्ट अलॉय, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून केलेला, जास्त दणका बसला की तडकतो. फ्लो फॉर्म्डमध्ये रिमचा गोल भाग गरम करून रोलरनं दाबत ओढतात त्यामुळे तो भाग कास्टपेक्षा चिवट होतो, आणि फोर्ज्ड (धातूचा ठोकळा प्रचंड दाबाखाली घडवून केलेली) सगळ्यात भारी पण किंमत ऐकून गप्प बसायचं. नुसत्या कास्ट आणि लोखंडीमध्ये निवडायचं असेल तर मी डोळे झाकून लोखंडी घेईन, फोटोत कशी दिसते ते गेलं खड्ड्यात (शब्दशः).

अलॉयच घ्यायचे असतील तर रिमच्या मागच्या बाजूला लोड रेटिंग कोरलेलं असतं ते शोधा, गाडीच्या जास्त भार असलेल्या एक्सलवर भरलेल्या गाडीचं जेवढं वजन येतं त्याच्या निम्म्यापेक्षा कमी नको, आणि आकडाच नसेल तर ती रिम फुकट दिली तरी नको. पीसीडी (बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास), ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसते), सेंटर बोर (मधलं भोक) जुळायला हवा हे वेगळं सांगत नाही.

जुन्या रिम घेताना आतली कड बघा, बाहेरची नाही. आतल्या कडेला स्पोकचा आधार नसतो त्यामुळे बेंड बहुतेक तिकडेच असतो आणि टायर चढवल्यावर दिसतही नाही, मग हवा हळूहळू उतरत राहते आणि आपण पंक्चर शोधत बसतो. बॅलन्सिंग मशिनवर रिकामी रिम फिरवून घ्या, लगेच कळतं. वेल्डिंग केलेली असेल तर तिथूनच परत फिरा.