आधी काय दिसतंय ते लक्षात ठेवा, मग रंगवा

सध्या फावल्या वेळात मी टर्मिनलमध्ये, म्हणजे नुसती अक्षरं दाखवणाऱ्या खिडकीत, चालणारा एक छोटा टेक्स्ट एडिटर लिहितेय, सी भाषेत. फाइल उघडणं, सेव्ह करणं, शोधणं हे सगळं पटापट झालं. मन रमलं ते स्क्रीन रंगवण्याच्या, म्हणजे तिच्यावर अक्षरं उमटवण्याच्या कोडमध्ये.

कीबोर्डवरची कळ दाबली की दर वेळी अख्खी स्क्रीन पुसून पुन्हा लिहायची, हा सोपा मार्ग. २४ ओळी गुणिले ८० रकाने म्हणजे १९२० अक्षरं. बिल जॉय या प्रोग्रामरनं व्हीआय हा जुना एडिटर लिहिला तेव्हा त्याच्याकडे ३०० बॉडचा मोडेम होता, म्हणजे सेकंदाला साधारण ३० अक्षरं. त्या वेगानं एक स्क्रीन भरायला मिनिटाहून जास्त लागतं. आज तसली अडचण नाही. पण दूरच्या सर्व्हरवर एसएसएचनं, म्हणजे नेटवर्कवरून जोडून, काम करताना, किंवा मोठ्या खिडकीत रंगीत कोड उघडलेला असताना, स्क्रीन लुकलुकते आणि कर्सर बोटांच्या मागे पडतो. लिहिणाऱ्याची तंद्री मोडायला तेवढं पुरतं.

माझ्या एडिटरमध्ये दोन चौकटी आहेत. एकीत आत्ता स्क्रीनवर काय आहे त्याची नोंद, दुसरीत काय दिसायला हवं ते. दोन्ही ओळीओळीनं ताडून पाहायच्या आणि फरक तेवढा पाठवायचा. ईमॅक्स या एडिटरमध्येही अशाच दोन मॅट्रिक्स (अक्षरांचे तक्ते) असतात, आणि टर्मिनलची स्क्रीन सांभाळणाऱ्या कर्सेस लायब्ररीचा पायाही हाच. ‘ही ओळ बदलली’ अशा खुणा कोडभर पेरण्यापेक्षा मला हे कितीतरी भरवशाचं वाटतं. खूण करायची कुठेतरी राहून जाते. ताडून पाहण्यात काही निसटत नाही.

खरी गंमत बाइट मोजण्यात आहे. समजा १२व्या ओळीत दोन जागी बदल झालाय आणि मधली चार अक्षरं तशीच आहेत. कर्सर उडी मारून ४०व्या रकान्यात न्यायचा तर टर्मिनलला तसा हुकूम पाठवावा लागतो: एस्केप हे खास चिन्ह, चौकटी कंस, १२, अर्धविराम, ४० आणि एच, असे आठ बाइट जातात. त्यापेक्षा रंग तोच असेल तर ती चार साधी अक्षरं पुन्हा लिहिणं स्वस्त! म्हणून मधली जागा लहान असेल तर मी उडी मारतच नाही.

एंटर दाबल्यावर मात्र नुसत्या तुलनेचं काही चालत नाही. खालची प्रत्येक ओळ एकेक घर सरकते, त्यामुळे सगळ्याच बदललेल्या दिसतात. म्हणून प्रत्येक ओळीचा हॅश (मजकुरावरून काढलेला आकडा) ठेवते आणि कोणता तुकडा किती सरकला ते शोधते. मग खालची स्थितीपट्टी हलू नये म्हणून सरकण्याची हद्द ठरवून द्यायची आणि ‘इथे एक ओळ घुसव’ एवढंच टर्मिनलला सांगायचं. नोंदीतल्या ओळीही तशाच सरकवायच्या. तिथे फक्त पॉइंटर, म्हणजे ओळींचे मेमरीतले पत्ते, फिरवले की झालं. घुसवलेल्या ओळींचं गणित जावा भाषा बनवणाऱ्या जेम्स गॉस्लिंगनं १९८१ साली डायनॅमिक प्रोग्रामिंगनं, म्हणजे छोट्या भागांची उत्तरं जोडून सगळ्यात स्वस्त मार्ग काढण्याच्या रीतीनं, मांडलं होतं. आजच्या टर्मिनलला एवढं काटेकोर उत्तर लागत नाही, माझं साधं शोधणं पुरतं.

लुकलुकण्याचं कारण बहुतेकदा वेगळंच असतं: आधी पुसणं आणि मग लिहिणं. मी ओळ लिहून झाल्यावर तिची उरलेली शेपटी पुसते. सगळे बाइट एका बफरमध्ये (मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत) साठवून एकाच राइट कॉलनं, म्हणजे एका दमात, पाठवते. आणि कळ दाबून धरलेली असेल, पुढच्या कळा रांगेत असतील, तर मधल्या पायऱ्या रंगवतच नाही. फक्त फार वेळ थांबत नाही, कारण आपण कुठवर आलो ते डोळ्यांना दिसायला हवं.

शेवटच्या रकान्याला जपून असावं. तिथे अक्षर लिहिलं की बरेच टर्मिनल कर्सर लगेच खाली नेत नाहीत, पुढच्या अक्षराची वाट पाहतात. त्यामुळे तिथे लिहिल्यावर मी कर्सरची जागा गृहीत न धरता पुन्हा नेमकी सांगते.

देवनागरीचा प्रश्न याहून अवघड. ‘क्षि’ किती रकाने व्यापेल, याबाबत अक्षरांची रुंदी सांगणारी लायब्ररी आणि टर्मिनल यांचं एकमत होईलच असं नाही. मग ओळीच्या मध्यात नेमकी उडी मारायची तरी कशी? अशा ओळीत काहीही बदललं की मी ती पहिल्या रकान्यापासून शेवटपर्यंत पुन्हा लिहिते. चार बाइट जास्त जातात, ते जाऊ देते.