एकादशी आणि सोळा-आठ

आज एकादशी. माझं मात्र सोळा-आठ चालू आहे, म्हणजे सोळा तास उपाशी आणि उरलेल्या आठ तासांत काय ते खाऊन घ्यायचं. दुपारी बारा वाजता मोबाईल किणकिणला आणि मी ओट्यापाशी उभ्या उभ्याच मूठभर भिजवलेले बदाम तोंडात कोंबले. दुसऱ्या हातात मेल चालूच.

सासूबाईंचा उपास साबुदाण्याचा. 'एकादशी दुप्पट खाशी' म्हणून मी त्यांना चिडवते. शिवाय साबुदाण्याचा कंद, बटाटा, शेंगदाणा, मिरची, सगळं मूळचं अमेरिका खंडातलं; ऋषीमुनींनी यातलं काही चाखलंही नसणार! त्या नुसत्या हसल्या. देवापुढे वाटी ठेवली, वर तुळशीचं पान, हात जोडले, मग पाटावर बसून तेवढीच वाटीभर खिचडी. एक शेंगदाणा घरंगळून ताटाबाहेर गेला, तो उचलून कपाळाला लावून खाल्ला.

"अगं, तू कुणासाठी राहतेस उपाशी?"
"वजनासाठी."
"म्हणजे तुझा देव काट्यावर बसलाय."

गीतेच्या सहाव्या अध्यायात सांगितलंय, अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. कॅलरी मोजण्यात वाईट काही नाही, मला साखरेमुळे मोजाव्याच लागतात. पण बदामांची चव कशी होती, विचाराल तर आठवत नाही.

उद्या द्वादशी. सकाळी नऊला पारणं, वरण-भात-तूप. माझ्या घड्याळात तेव्हा अजून तीन तास बाकी असतील. बघू.