चौऱ्याऐंशीचा डबा पंचाहत्तरला

कर्वेनगरात माझं पोळीभाजी केंद्र आहे. कमिन्स कॉलेजच्या मुली, एकटे राहणारे आजी-आजोबा, थोडे नोकरदार असे रोज ७५ डबे जातात. डबा ९० रुपयांना. गेल्या श्रावणात बाणेरच्या एका ऑफिसातून विचारणा आली, सोमवार ते शुक्रवार रोज ४० डबे हवेत, पण ७५ रुपयांनी. मी वही काढली. महिन्याच्या सगळ्या खर्चाला १,९५० डब्यांनी भागलं, तर एक डबा ८४ ला पडत होता. म्हणजे डब्यामागे ९ रुपये पदरचे घालायचे. नाही म्हणून कळवलं.

माझी भाची बी.कॉम.ला आहे, विषय कॉस्ट अँड वर्क्स अकाउंटिंग. रविवारी जेवायला आली तेव्हा मी हे बोलले, तर तिने हातातला घास ठेवला. "आत्या, ८४ कसे काढलेस? ऑफिसला डबे दिले असतेस तर गाळ्याचं भाडं वाढलं असतं का?"

नसतं वाढलं. पोळ्या करणाऱ्या दोघी मावशींचे पगारही नसते वाढले, ते महिन्याचे ठरलेले आहेत.

मग तिने वहीत उभी रेघ मारली. एका बाजूला डबे कितीही गेले तरी द्यावेच लागणारे पैसे: भाडं २४,०००, मावशींचे २८,०००, घरोघरी डबे देणाऱ्या मुलाचे १०,०००, वीज-साफसफाई ४,०००. एकूण ६६,०००. दुसऱ्या बाजूला डब्याबरोबर वाढणारे. ही बाजू मला अंदाजाने भरायची नव्हती. आठवडाभर कणीक मोजून घेतली, किलोच्या ३२ पोळ्या निघाल्या. गॅसचा १९ किलोचा सिलिंडर रोज सकाळ-संध्याकाळ काट्यावर चढवला. भाजी, डाळ-तांदूळ, तेल, पॅकिंग धरून डब्याला ५० रुपये आले.

म्हणजे ९० तून ४० उरतात. याला हिशेब शिकलेले लोक काँट्रिब्यूशन म्हणतात. ६६,००० भागिले ४०, महिन्याला १,६५० डबे. २६ दिवस धरले तर रोजच्या चौसष्टाव्या डब्यापर्यंत मी भाड्या-पगारांसाठीच राबते, माझी कमाई त्याच्या पुढे. पहाटे पाचला उठणाऱ्या बाईला हा आकडा इतकी वर्षं माहीत नव्हता, याचं मला फार वाईट वाटलं.

ऑफिसच्या डब्याला ५० आणि बाणेरला पोहोचवायचे ६ धरले, तरी ७५ तून १९ उरत होते. ४० डबे, महिन्याचे २२ दिवस: १६,७२० रुपये. एवढे मी नाही म्हणून घालवले होते.

भाची म्हणाली, १७७२ च्या मंदीत इंग्लंडमधल्या वेजवुड या चिनी मातीच्या कारखानदारालाही खर्च तपासताना हेच दिसलं होतं. माल किती निघतो याच्याशी काही खर्चांना देणंघेणं नसतं. नग वाढले की एकेकाच्या वाट्याला ते कमी येतात. पण लगेच तिने बजावलंही, सगळ्यांनाच ७५ ला द्यायला लागलीस तर ६६,००० कोण भरणार? खरंच होतं. रोजच्या गिऱ्हाइकांना १५ रुपये सोडले तर महिन्याला २९,२५० जातील, आणि माझ्या हातात उरतात १२,०००.

जानेवारीत दुसऱ्या ऑफिसचा फोन आला. दर तोच, ७५. डबे मात्र ६०. या वेळी मी आधी तव्यांकडे पाहिलं. दोन तवे, नऊ ते बारा, एका तव्यावर तासाला ६० पोळ्या. सगळ्या मिळून ३६०. डब्यात तीन पोळ्या, म्हणजे २२५ आधीच गेलेल्या. चाळीस डब्यांच्या १२० बसतात. साठांच्या १८० बसत नाहीत. तिसरी मावशी लागणार, महिना १४,०००. साठ डब्यांचे २५,०८० येतील, त्यातून १४,००० गेले की ११,०८०. चाळीसमध्ये १६,७२०. दोनदा मांडून बघितलं, कारण मोठी ऑर्डर कमी पैसे देते हे मनाला पटतच नव्हतं. त्यांना सांगितलं, चाळीसच देईन, पण वेळेवर आणि गरम देईन. मान्य झालं.

अडलं पुरणपोळीवर. ती ३५ ला विकते, सामान १७ चं, एका नगामागे १८ रुपये, म्हणून माझा तिच्यावर जीव. पण तासाला होतात जेमतेम पंधरा, म्हणजे तव्याच्या तासाला २७०. ऑफिसचे डबे स्वस्तातले, तरी त्याच तासात वीस डब्यांच्या पोळ्या होतात, ३८० रुपये. तेव्हापासून पुरणपोळीची ऑर्डर घेताना दुपारी तीननंतरचीच घेते. त्या वेळी तवे नुसते पडून असतात आणि मावशी पाचपर्यंत असतातच. होळीला सकाळच्या पुरणपोळ्या मागणाऱ्या चौघांना संध्याकाळी या म्हटलं. तिघं आले.