सावलीचा सूर

शनिवारचा वर्ग संपून दोन दिवस झाले, तरी वर्गातल्या एका मुलीचे एक वाक्य मनातून जात नाही: “ताई, आता हे गात नाही.”

बुटाच्या खोक्यात बसवलेले तिचे वाद्य साधेच होते. आर्डुइनो हा छोटा प्रोग्राम करता येणारा बोर्ड, एक एलडीआर म्हणजे प्रकाश ओळखणारा सुटा भाग, १० किलोओहमचा रेझिस्टर आणि आवाज काढणारा एक बझर. प्रकाश वाढला की एलडीआरचा रोध कमी होतो. तो बदल ० ते १०२३ यांमधला आकडा होऊन प्रोग्राममध्ये येतो, आणि तिने त्या आकड्यालाच सुराची कंपनसंख्या जोडली होती. त्यामुळे हाताची सावली सरकेल तसा सूर घसरत जाई आणि खिडकीबाहेर ढग आला, तर कोणी जवळ नसतानाही तो खाली उतरे. मला ते बेसूर वाटले. सा २४०, रे २७०, ग ३००, म ३२०, प ३६० असे आकडे मी प्रोग्राममध्ये भरले आणि वाद्य जवळच्या सुरावरच थांबेल अशी व्यवस्था केली. बाकीच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. ती खोक्याचे झाकण लावून बसली.

वाईट वाटले, आणि रागही आला. भर पावसात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानामागून दुकान पालथे घालून हे सुटे भाग मी आणले, रात्री जागून तारा सोल्डर केल्या, आणि शेवटी पदरात काय पडले, तर हे वाक्य.

पण माझ्या जागरणाचा तिच्या वाक्याशी काय संबंध? ती खरे तेच बोलली. तिच्या वाद्यातून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणे, निघत होती. मी त्या मींडीच्या पायऱ्या केल्या. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली, तीही पेटीचे सूर पट्ट्यांना बांधलेले असतात आणि तिच्यातून मींड निघत नाही याही आक्षेपामुळे, आणि १९७१ साली ती बंदी उठली तीही पुरती नाही. बाबा पेटी पुसताना हे चिडून सांगत. त्यांच्या पेटीविषयी आज नको.

मी तिला विचारले नाही, हेच बोचते आहे. खोके तिचे, प्रोग्राम तिचा, आणि कीबोर्ड मात्र मी तिच्यापुढून ओढून घेतला. एकदा विचारले असते, तर कदाचित ती हो म्हणालीही असती. तरी विचारायला हवे होते.

आज रात्री तिचा जुना प्रोग्राम शोधून काढला. येत्या शनिवारी तो तिला परत द्यायचा. ठरावीक सुरांचा माझा प्रोग्राम वेगळा ठेवला आहे. तिने मागितला, तरच दाखवीन.