आमचं घर नमुन्यात आलं

"घरात माणसं किती?" या पहिल्याच प्रश्नाला घोळ झाला. आई म्हणाली पाच, आण्णा म्हणाले चार. मांडीवर टॅब घेऊन ओसरीवर बसलेला सरकारी सर्वेक्षणाचा पोरगा एकदा हिच्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघायला लागला. घरात आजी, आण्णा, आई आणि मी. आईचा पाचवा म्हणजे दादा. तो गेली आठ वर्षं तामिळनाडूत गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या, दुकानात आहे. गावच्या यात्रेला येतो, कुणाचं जवळचं लग्न असलं तर येतो, एरवी फोनवर.

"एका चुलीवर जेवणारे धरतो आम्ही, काकू. सहा महिन्यांच्या वर बाहेर असेल तर नाही धरत."

"आणि त्यानं धाडल्यालं पैसं?"

"ते पुढं आहे. ते धरतो."

आईनं माझ्याकडं बघितलं, जणू हा नियम मीच केलाय.

ही फेब्रुवारी २०२५ मधली गोष्ट. तासगाव तालुक्यात आमचं गाव आहे, पावणेदोन एकर द्राक्षबाग आहे आणि माल बहुतेक बेदाण्यालाच जातो. टॅबवाला गावात आला तेव्हा आधी बातमी फिरली ती लाडकी बहीणची. त्याच सुमाराला चारचाकीवाल्या घरांतली नावं वगळायला लागल्याचं सगळ्यांनी मोबाईलवर वाचलं होतं. त्यामुळं हातात टॅब असलेला परका माणूस म्हणजे दीड हजार बंद करायला आलेला, असा सरळ हिशोब. शेजारच्या काकूंनी अंगणातली स्प्लेंडरसुद्धा परड्यात नेऊन लावली. चारचाकी आणि दुचाकीतला फरक सांगत बसायची ती वेळ नव्हती.

त्यानं ओळखपत्र दाखवलं, केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाचं पत्र दाखवलं. नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षण, पीएलएफएस. देशात कामाला कोण आणि बेरोजगार कोण, हे मोजणारं. मला हसू आलं. मी एमपीएससीची तयारी करतो आणि माझ्या चालू घडामोडींच्या वहीत हे व्यवस्थित लिहून ठेवलेलं होतं: सुरुवात एप्रिल २०१७, जानेवारी २०२५ पासून दर महिन्याला आकडे, नमुन्यात २ लाख ७२ हजार ३०४ घरं. पाठ करताना शेवटच्या त्या ३०४ चा मला फार राग यायचा. त्यातलं एक घर आपलं असेल हे काही डोक्यात आलं नव्हतं.

गावातल्या घरांची यादी करून त्यातली बारा निवडलेली होती. आमचं त्यात आलं, काकूंचं नाही, आणि त्या दिवसापासून "तुमचंच कसं काय निघालं?" हे काकूंनी सोडलेलं नाही. एकाच घरी लागोपाठ चार महिने येणार म्हटल्यावर आण्णा म्हणाले, "मग पाव्हणाच झालास की लेका."

माझी पाळी आली तेव्हा माझी ओळख आण्णांनीच करून दिली. "ह्यो रिकामा."

"सर, गेल्या वर्षातला जास्तीत जास्त काळ तुम्ही काय करत होता?"

"अभ्यास."

"कॉलेजला नाव आहे?"

नाव कुठलं असणार. बी.एस्सी. होऊन चार वर्षं झाली. तासगावात अभ्यासिका लावलीय, सकाळी डबा घेऊन जातो, संध्याकाळी येतो. तो म्हणाला, अभ्यासिकेत बसणं हे शिक्षणात धरत नाहीत. फॉर्म भरताय, परीक्षा देताय, काम मिळालं तर करणार आहात, म्हणजे तुम्ही काम शोधताय. संकेतांक ८१. खरं सांगतो, मला जरा बरं वाटलं. चार वर्षांत कुणीतरी पहिल्यांदा माझ्या रिकामपणाला एक नंबर दिला होता.

पण तो थांबला नाही. "याशिवाय वर्षात तीस दिवस तरी दुसरं काही काम केलंत?"

मी तोंड उघडायच्या आत आण्णा सुरू झाले. "तीस? आरं, छाटणीचंच पंधरा दिस धर. फवारणीचा पंप कोण मारतंय? बेदाणा कोण झाडतंय? औषधं आणायला कोण जातंय?" दोन मिनिटांपूर्वी मला रिकामा म्हणणारा माणूस आता बोटांवर माझे दिवस मोजत होता, आणि बोटं कमी पडत होती. बरं, हे सगळं त्यांना माहीत होतं तर आजवर बोलले का नाहीत, हा वेगळा विषय.

मग आला आठवडा. मागच्या सात दिवसांतल्या प्रत्येक दिवशी कुठलं काम किती तास केलं, हे एकेक दिवस घेऊन विचारतात. पूर्वपरीक्षा नुकतीच झाली होती आणि मी तीन दिवस बेदाणा शेडवर होतो. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवायची आणि जाळ्यांवर एकसारखी पसरायची. थर जाड झाला की बेदाणा काळा पडतो, म्हणून हात सारखा फिरता ठेवावा लागतो. संध्याकाळपर्यंत बोटं चिकट होऊन एकमेकांना धरायची. तीन दिवसांचे चोवीस-पंचवीस तास झाले. तो म्हणाला, आठवड्यात एक तास जरी काम झालं असलं तरी तो माणूस रोजगारात. काम शोधत असला तरी आधी काम धरायचं, मग शोधणं.

म्हणजे मी घरच्या धंद्यातला बिनपगारी मदतनीस झालो. संकेतांक २१. वर्षाचा हिशोब लावला तरी तेच, कारण मुख्य कामात मी बेरोजगार असलो तरी तीस दिवसांच्या वरचं दुय्यम काम जोडलं की मी रोजगारात जातो. २०२३-२४ चा देशाचा बेरोजगारीचा दर ३.२ टक्के, हे मी प्रश्नपत्रिकेत डोळे झाकून लिहिलं असतं. त्या ३.२ मध्ये माझ्यासारखी पोरं नाहीत, हे मला ओसरीवर बसून कळलं. अभ्यासिकेतल्या आमच्या रांगेत अकरा जण बसतो. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी एकेकाला विचारत सुटलो: मागच्या आठवड्यात रानात गेलतास का? भावाच्या दुकानात बसलास का? नोकरी एकालाही नव्हती आणि बेरोजगार निघाले दोन.

आईचं त्याहून अवघड होतं, कारण ती स्वतःच कबूल होईना. "मी घरीच असते." त्यानं लगेच टॅबवर काही टेकवलं नाही, हे त्याचं मला आवडलं. म्हैस आहे का, धार कोण काढतं, दूध डेअरीला कोण घालतं, बागेत जाता का, शेडवर जाता का, असं एकेक खणत गेला. सकाळी दोन लिटर डेअरीला, दुपारी शेडवर बेदाणा निवडायला, संध्याकाळी वैरण.

"मग हे काम नाही का, काकू?"

"ह्ये काम कुठलं? घरचंच हाय की."

तिचाही २१.

धार काढली तर काम, आणि ते दूध घरात प्यायलं तरी काम. पण त्याच दुधाचं दही लावून, ताक घुसळून, लोणी कढवून घरातच तूप खाल्लं तर ते काम नाही. शेतातून येणारा माल घरच्यासाठी असला तरी मोजतात, त्यावर घरच्यासाठी केलेली प्रक्रिया मोजत नाहीत. मी हे आईला समजावून सांगितलं, तर म्हणाली, "मग तूप खाताना तरी मोजत जा."

आण्णांचा नंबर लागला तेव्हा मजा आली. मागच्या तीस दिवसांत धंद्यातून किती मिळालं? आण्णा गप्प. द्राक्षाला वर्षातून एकदाच पैसा येतो. फेब्रुवारीत बेदाणा जाळीवर असतो, मग झाडून, प्रतवारी करून पंधरा किलोच्या बॉक्समध्ये भरून स्टोरेजला जातो आणि सौद्यात भाव बरा दिसेल तेव्हा निघतो. तोवर फक्त खर्च. पुढचा प्रश्न होता, आणखी काम मिळालं असतं तर केलं असतं का, किती तास? "आणखी?" आण्णा म्हणाले. "दिसाला तास किती असत्यात, त्ये आधी सांग."

पहिल्या खेपेला दीड-दोन तास गेले. जमीन किती, कसायला किती दिली, भाडं, पेन्शन, व्याज, बाहेरून येणारे पैसे, कुणी कुठलं व्यावसायिक प्रशिक्षण घेतलंय का, सगळं झालं. पुढच्या खेपा आठवड्यापुरत्याच. मार्चमध्ये तो आला तेव्हा आम्ही सगळेच शेडवर, त्यालाही तिथंच गोणपाटावर बसवलं, अर्ध्या तासात मोकळा. एप्रिलमध्ये खरड छाटणी. टोळीला एकरावर उक्तं काम दिलं होतं, तरी काड्या गोळा करायला आई आणि मी होतोच.

मेमध्ये गंमत झाली. गंमत म्हणजे काय, एप्रिलच्या शेवटी म्हैस विकली. वैरणीचा भाव परवडेना आणि आईचा गुडघा बसू-उठू देईना. बागेतली फुटव्यांची विरळणी आण्णांनी दोन गडी लावून उरकली. तो आला तेव्हा आई पत्र्यावर होती. मागचे सात दिवस तिनं काय केलं, तर गहू तीन दिवस भिजत घालून, वाटून, चीक काढून पहाटे चारला चुलीवर शिजवला आणि ऊन चढायच्या आत सोऱ्यानं कुरडया घातल्या. ते झालं की सांडगे, मग उडदाचे पापड, मग शेवया. मिरच्या निवडून, देठं काढून वर्षाचं तिखट कांडून आणलं. दादाच्या वाटणीचंही त्यातच. गुडघा दुखतोय म्हणून म्हैस विकली आणि जिन्यावरून दिवसातनं वीस वेळा वर-खाली.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. रानात एक दिवस? नाही. शेडवर? शेड कधीच बंद. दूध? म्हैस कुठाय. मग हळूच म्हणाला, "९२ होणार."

"म्हणजे?"

"फक्त घरकाम. श्रमशक्तीच्या बाहेर. काम करणाऱ्यांत नाही, शोधणाऱ्यांतही नाही."

"आणि या कुरडया शेजारच्या काकूंना दोन किलो विकत दिल्या असत्या तर?" मी विचारलं.

"तर काम धरलं असतं."

काकू कुंपणापलीकडून ऐकतच होत्या. म्हणाल्या, "मी कशाला इकत घीन? ती तशीच देती मला." तिथं विषय संपला.

माझं मात्र पुन्हा उलटं झालं. गट-कचा पेपर तोंडावर, त्यामुळं तो आठवडा मी बागेकडं फिरकलोच नव्हतो, त्यात एका कंपनीच्या जागेसाठी कुपवाड एमआयडीसीत जाऊन बायोडाटा देऊन आलो होतो. एक तासही काम नाही, काम शोधलंय, मिळालं तर तयार. चार महिन्यांत मी पहिल्यांदा अधिकृत बेरोजगार झालो. त्या दिवशी आण्णांनी मात्र मला रिकामा म्हटलं नाही. परीक्षा जवळ आली की ते जपून बोलतात.

त्याच आठवड्यात, १५ मेला, या सर्वेक्षणाचं पहिलं मासिक पत्रक आलं, एप्रिलचं. बेरोजगारी ५.१ टक्के. अभ्यासिकेच्या ग्रुपवर लगेच सुरू झालं, "३.२ वरून ५.१, बघा." मी जेवण सोडून टाईप करत बसलो, की बाबांनो, ३.२ वर्षाच्या मापाचा आहे, ५.१ आठवड्याच्या. शेरानं मोजलेलं आणि किलोनं मोजलेलं शेजारी ठेवून वाढलं म्हणता येत नाही. एकानं अंगठा दिला. बाकीच्यांनी पुढं ढकलायचं ते ढकललं. पंधरा ते एकोणतीस वयाचा दर १३.८ होता, त्याच्याकडं कुणी बघितलं नाही, आणि आमचं सगळ्यांचं वय तेच.

मी सांगलीचा आकडा शोधत होतो. २०२५ पासून नमुना निवडताना जिल्हा हा पाया धरतात, म्हणून वाटलं असेल कुठंतरी. पण महिन्याचं पत्रक सबंध देशाचं, राज्यांचे आकडे तिमाहीला. देश, गाव, शहर, बाई, पुरुष एवढ्याच ओळी. तासगावचा बेदाणा, विट्याचे माग, कुपवाडची फाउंड्री, जतची ऊसतोड यांचं सगळ्यांचं मिळून ते एक टक्क्याचं दशांश स्थळ.

मेचं पत्रक जूनच्या मध्यात आलं. बेरोजगारी ५.६, आणि श्रमशक्तीतला सहभाग ५५.६ वरून ५४.८ वर उतरलेला. उतरण्याची कारणं दिली होती: रब्बीची सुगी संपली, उन्हामुळं बाहेरची कामं कमी झाली, आणि ग्रामीण भागात बिनपगारी मदतनीस म्हणून काम करणाऱ्या काही जणी घरकामाकडं वळल्या. उन्हाचं वाचून हसलो, कारण मेच्या उत्तरार्धात आमच्याकडं वळवानं असा धुमाकूळ घातला की पत्र्यावरच्या शेवया तीनदा गोळा कराव्या लागल्या. शेवटचं कारण मात्र मी दोनदा वाचलं आणि मग आईला मोठ्यानं वाचून दाखवलं.

ती खाली बसून दादाचा डबा भरत होती. कुरडया मोडू नयेत म्हणून मधे मधे वर्तमानपत्राचे कागद घालत होती.

"वळल्या म्हंजी?" ती म्हणाली. "आदी काय करत हुतो आमी?"

मी काही बोललो नाही. डब्याला सुतळी बांधून दिली. विट्याहून तिकडं गलाईवाल्यांच्या गाड्या जातात, संध्याकाळी त्यात डबा टाकायचा होता. तिनं वजन करायला लावलं, साडेचार किलो भरलं. वर अजून तिखटाची पिशवी राहिलीच होती.